भिंगरीची काडतुसं

दुकानात पहिल्यांदा येणारा माणूस काउंटरपर्यंत पोचायच्या आधीच दाराजवळच्या भिंतीपाशी थबकायचा. तिथे भिंगरीचे फोटो होते. गळ्यात पदक घातलेली भिंगरी, रायफलीवर गाल टेकवलेली भिंगरी, कुठल्याशा मोठ्या माणसाशी हात मिळवणारी भिंगरी. मग तो माणूस वळून काउंटरमागच्या बाईकडे बघायचा, दोघींचे नाकडोळे ताडून पाहायचा आणि विचारायचा, "तुम्ही यांच्या कोण?"

"बहीण," ताई म्हणायची. "परवाना दाखवा."

शहरात सगळे तिला ताईच म्हणत, तिच्याहून वयानं मोठे असलेलेसुद्धा. वडिलांनी सुरू केलेलं हे बंदुका-काडतुसांचं दुकान ती कॉलेज संपल्यापासून सांभाळत होती. लांबट, जराशी अंधारी खोली. पुढे काचेचं काउंटर, त्यात तेलाच्या बाटल्या, नळी साफ करायच्या सळया, पितळी ब्रश, फडक्यांच्या चौकोनी तुकड्यांची पाकिटं. मागे लोखंडी दाराची कोठी आणि कोठीत लाकडी फळ्यांवर रचलेली काडतुसांची खोकी. एकही खोकं भिंतीला टेकवून ठेवायचं नाही, हा ताईचा कायदा. भिंतीला ओल येते, ओल पितळेला लागते, पितळेवर हिरवट पुटं चढतात आणि ऐन वेळी चाप ओढला की नुसताच 'टक्' असा आवाज होतो. बँकेच्या पहारेकऱ्याला ती जुनी काडतुसं वेळच्या वेळी बदलायला लावायची. फळबागांचे मालक डुकरं हाकलायला बंदूक बाळगत आणि कामापुरती वापरून तशीच कोपऱ्यात उभी करून ठेवत. त्यांची बंदूक हातात आली की ती आधी नळीतून उजेडाकडे बघायची आणि मग मालकाकडे, आणि तेवढ्यानं तो माणूस ओशाळायचा.

एक म्हातारा ठेकेदार होता. आपलं रिव्हॉल्व्हर त्यानं जन्मात कधी झाडलं नव्हतं, पण ते साफ करून घ्यायला तो नेमानं यायचा आणि दर खेपेला चामड्याच्या पाकिटातच घालून आणायचा.

"काका, चामडं ओल धरतं. कितीदा सांगू? कोरड्या सुती कापडात ठेवा."

"अगं, पण पाकीट बघ ना किती देखणं आहे!"

"मग पाकीट कपाटात ठेवा आणि रिव्हॉल्व्हर मला देऊन टाका."

तो पोट धरून हसायचा. ताईच्या जिभेला धार होती आणि लोकांना ती आवडायची. हसून झालं की जाताजाता ठेकेदार भिंतीकडे बोट करायचा. "आणि आमची भिंगरी काय म्हणते? आता कुठे सामने?" की झालं. ताईच्या तोंडावरचं हसू तसंच राहायचं, पण आतून कोणीतरी दिवा मालवल्यासारखं व्हायचं.

भिंगरी म्हणजे तिची धाकटी बहीण. लहानपणी एका जागी बसेल तर शपथ. जेवता जेवता दोनदा उठायची, अभ्यासाला बसवली की खिडकीतून पसार व्हायची. वडिलांनी कौतुकानं भिंगरी म्हणायला सुरुवात केली आणि पुढे पेपरवाल्यांनी तेच नाव उचललं. ताई अगदी उलट. बसवली तिथे बसायची, ठेवली तिथे राहायची.

वडील शहराच्या नेमबाजी क्लबात जात. मुलीला खेळात घालावं ही त्यांची फार दिवसांची हौस, पण दोघींचा खर्च झेपणारा नव्हता आणि दुकानातही हाताशी कोणीतरी हवं होतं. एके दिवशी जेवायच्या टेबलावर त्यांनी निकाल सांगून टाकला. "थोरली शांत आहे, ती दुकानात बसेल. धाकटीला काहीतरी लावून दिलं नाही तर ती घर डोक्यावर घेईल." आई म्हणाली, "बरोबर आहे." ताईला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी ती "चालेल" म्हणाली असती. शांत मुली असंच म्हणतात.

नेमबाजी म्हणजे काय हे तिला पुढे दुकानात बसून बसून कळलं. तिथे सगळा खेळ शांत राहण्याचा. श्वास अर्धा सोडायचा, थांबायचं, काळजाच्या दोन ठोक्यांच्या मधे चाप ओढायचा. म्हणजे जी जन्माची शांत होती ती काउंटरमागे गेली आणि जिच्या अंगात वारं शिरलेलं होतं तिला शांत कसं राहायचं ते शिकवायला माणसं ठेवली. ती शिकली. मग शांत राहिल्याबद्दल तिला पदकं मिळायला लागली. हा विचार आला की ताईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आपल्याला घातलं असतं तर आपण कुठल्या कुठे गेलो असतो, हे तिनं कधी कोणाला बोलून दाखवलं नाही, पण त्या बाबतीत तिला तिळमात्र शंका नव्हती. तिनं मनाशी गाठ मारली होती, रायफल खांद्याला म्हणून लावायची नाही. आपल्याला दिलं नाही ते चोरून करायचं नाही.

लग्न झालं तेही दुकानापासून चार पावलांवरच. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. सावकाश बोलणारा, हातातली काच पुसत पुसत दुसऱ्याचं ऐकून घेणारा माणूस. लग्नानंतर पहिल्याच वर्षी भिंगरीनं त्याच्याकडून नेमबाजीची खास भिंगं करून घेतली.

"तुम्हीसुद्धा?" ताई म्हणाली.

"गिऱ्हाईक आहे गं."

"या घरात सगळे तिच्याच डोळ्यांची चाकरी करतात."

"तुझ्या डोळ्यांत जे खुपतंय त्याला नंबर नसतो," तो काच उजेडाकडे धरून म्हणाला. "असता तर केव्हाच चष्मा करून दिला असता."

वडील गेले तेव्हा दुकानाचा परवाना ताईच्या नावावर झाला. आई तिच्याकडे राहायला आली. आणि वडील करत असत ते एक काम न सांगताच तिच्या गळ्यात पडलं, भिंगरीला काडतुसं पुरवायचं.

काडतुसं सगळी दिसायला सारखी. एकाच कारखान्याची, एकाच वेष्टनातली. पण कारखाना एका वेळी जेवढी बनवतो त्याचा एक लॉट, आणि एका लॉटला लागतं ते दुसऱ्याला लागेलच असं नाही. रायफलीची चव असते. एखादीला अमुक लॉट मानवतो, तमुक लॉट दिला की गोळ्या इकडे तिकडे पसरतात. मानवणारा लॉट सापडेपर्यंत घालून बघण्याला पर्याय नाही. भिंगरी पहिलीच्याच बनावटीची आपली दुसरी रायफल दुकानात ठेवून गेली होती. नवा माल आला की ताई ती घेऊन क्लबाच्या रेंजवर जायची, जाड लाकडी बाकावर लोखंडी शिकंज्यात घट्ट आवळायची, म्हणजे माणसाचा हात मधे येत नाही, आणि एकेका लॉटची काडतुसं झाडून बघायची. मग पन्नास मीटरवरचा कागद काढून आणायचा आणि छिद्रं किती जवळ पडली ते मोजायचं. अशी हजारो काडतुसं तिनं झाडली असतील. चाप तिचा, नेम शिकंज्याचा. कागद बघून रायफलीच्या पोटात काय चाललंय हे ती डॉक्टरनं नाडी बघून सांगावं तसं सांगायची.

भिंगरीला यातलं सगळं माहीत होतं आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. ती यायची वाऱ्यासारखी, "ताई, माझी झाली का गं?" म्हणत खोकी उचलायची, परवान्यावर नोंद करून घ्यायची आणि गाडीत टाकून निघून जायची. एकदा तिची मोठी मुलाखत छापून आली. यशाचं श्रेय कोणाला, असं विचारलं होतं. भिंगरीनं वडिलांचं नाव घेतलं. कोचचं घेतलं. मान चोळून देणाऱ्या बाईचं घेतलं. आणि शेवटी म्हणाली, माझ्या मांजरानं मला एकटक बघायला शिकवलं.

ताईनं तो पेपर दोनदा वाचला. मग नवऱ्यापुढे ठेवला.

"मांजर," ती म्हणाली.

नवऱ्यानं वाचलं, हसू आवरलं आणि गंभीर चेहरा करून म्हणाला, "गोड आहे पण मांजर."

दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही.

पुढच्या हंगामात एक नवा लॉट आला. ताईनं रायफल शिकंज्यात आवळली, झाडली, कागद काढून आणला आणि तिथेच उभी राहिली. सगळ्या गोळ्या एकाच भोकातून गेल्यासारख्या. कडा जेमतेम कुरतडलेल्या. इतका गुणी लॉट तिनं उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. तिनं पुन्हा झाडून पाहिलं. तेच. दुकानात येऊन तिनं आधी कारखान्याला फोन लावला, आणखी माल आहे का म्हणून. नव्हता. तो लॉट संपला होता, कोठीत आली तेवढीच खोकी. मग तिनं भिंगरीला फोन लावला.

"अगं ऐक, असा लॉट आलाय ना..."

"ताई, मी जरा गडबडीत आहे, फोटो काढतायत. मग करते हं."

मग म्हणजे केव्हा, ते काही आलं नाही. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. आठवडा उलटला. ताई रोज फोनकडे बघायची आणि आपण बघतोय याचा तिला स्वतःचाच राग यायचा.

अशात एका दुपारी पोस्टातली आली. ही एक उंच, सडपातळ मुलगी, पोस्टाच्या खिडकीवर काम करायची आणि सुट्टीच्या दिवशी नेमबाजी. तिला कोच नव्हता, मान चोळणारं कोणी नव्हतं. स्पर्धांमधे ती भिंगरीच्या खाली कुठेतरी असायची, पण दर वर्षी एक पायरी वर येत होती. तिची रायफल भिंगरीच्या रायफलीच्याच बनावटीची.

तिनं परवाना स्वतःहून काउंटरवर ठेवला. "ताई, जरा वेळ आहे का तुम्हाला? मला काडतुसांतलं काही कळत नाही. तुम्हाला कळतं असं सगळे म्हणतात. माझ्या रायफलीला काय बरं पडेल, सांगाल?"

असं ताईला कोणी कधी विचारलंच नव्हतं. लोक काडतुसं मागत, भाव विचारत, भिंगरी कुठली वापरते ते विचारत. 'तुम्हाला कळतं' असं म्हणून समोर उभं राहिलेलं माणूस हे पहिलंच.

ताई कोठीत गेली. नव्या लॉटची खोकी फळीवर नीट रचलेली होती. शेजारी जुन्या लॉटची होती, तीही वाईट नव्हती, भिंगरी वर्षभर तीच वापरत होती. ताई तिथे उभी राहिली. फोनवरचा तो 'मग करते हं' तिच्या कानात वाजला. 'मांजर' हा शब्दही वाजला. पोस्टातल्या मुलीला परवान्यावर जेवढी नेता येत होती तेवढी, म्हणजे जवळजवळ सगळीच नवी खोकी तिनं उचलली आणि बाहेर आणून ठेवली.

"ही घ्या. पण आधी घालून बघा. नाही मानवली तर परत आणा."

मानवली. पोस्टातली रेंजवरून धावत सांगायला आली, कागद घेऊन. ताईनं तो उजेडाकडे धरून पाहिला. तिला गोडही वाटलं आणि कडूही.

भिंगरी आली ती सामन्याच्या थोडंच आधी. "ताई, माझी झाली का गं?"

"झाली," म्हणून ताईनं जुन्या लॉटची खोकी पुढे सरकवली. "नेहमीचीच आहेत."

"छान," भिंगरी म्हणाली आणि गेली. कसला लॉट सांगत होतीस त्या दिवशी, एवढंही तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगायचं, असं ताईनं ठरवलं होतं. निदान आपण तसं ठरवलं होतं अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

सामन्यात पोस्टातली पहिली आली. भिंगरी दुसरी. फरक केसाएवढा. दुसऱ्या दिवशी पेपरात पोस्टातलीचा फोटो होता, आणि खाली तिचं म्हणणं. 'माझी काडतुसं दुकानातल्या ताईंनी निवडून दिली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.'

ताईचं नाव जन्मात पहिल्यांदा छापून आलं होतं. तिनं ते आईला वाचून दाखवलं नाही. नवऱ्यालाही दाखवलं नाही. पण दुपारपर्यंत तीन गिऱ्हाइकांनी पेपर आणून तिच्यापुढे धरला. ठेकेदार तर मुद्दाम सांगायला आला. ताईच्या गालांवर लाली चढली. त्या दिवशी ती कोणालाही टोचून बोलली नाही.

भिंगरी आली तेव्हा दुकानात दुसरं कोणी नव्हतं. तिनं आत येऊन दार लावून घेतलं.

"तू तिला नवा लॉट दिलास?"

"दुकान आहे. तिनं मागितलं, मी दिलं."

"आणि मला जुना."

"तू मागितलास नवा?"

"मला मागावं लागतं? मी तुझी बहीण आहे!"

"तेच तर," ताई म्हणाली. तिचा आवाज चढत चालला होता आणि तो चढू द्यायला तिला बरं वाटत होतं. "तू कधी मागत नाहीस. तू येतेस आणि उचलतेस. मी फोन केला तर तुझे फोटो चाललेले असतात."

"बाबा असते ना..."

"बाबा असते तर त्यांनी सगळा लॉट तुझ्यासाठी बांधून ठेवला असता. आणि बांधायला मला बसवलं असतं."

भिंगरीचा चेहरा लाल झाला होता. मग ती हळू आवाजात म्हणाली, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "एवढं मोठेपण घेऊ नकोस, ताई. मी तुझ्या काडतुसांमुळे हरले नाही. शेवटच्या फेरीत माझी मान धरली. हात थरथरला. नवीच काय, सोन्याची काडतुसं दिली असतीस तरी मी हरलेच असते."

ती निघून गेली. ताई काउंटरला धरून उभी राहिली. मनात आणून एक वाईट काम केलं, आणि तेसुद्धा बहिणीनं तिच्या नावावर राहू दिलं नाही. भिंगरीला पाडलं ते भिंगरीच्याच मानेनं. ताईचा त्यात काही हातच नव्हता. याच्याइतका अपमान तिला त्या जेवणाच्या टेबलावरही वाटला नव्हता.

त्यानंतर भिंगरी शेजारच्या शहरातून काडतुसं घ्यायला लागली. आता ताईच्या डोळ्यांत ते दुसरं दुकान खुपायला लागलं. मालाची गाडी घेऊन येणाऱ्या चालकाला ती आडून आडून विचारायची. कसं आहे दुकान? मोठं आहे का? कोठी कोरडी आहे का? चालक म्हणायचा, "मस्त आहे. थंड हवा सोडतात आत." मग ताई दिवसभर धुसफुसत राहायची.

"तुला ती तुझ्याकडून न्यायची तेव्हा राग यायचा," नवरा म्हणाला. "आता नेत नाही म्हणून येतोय. एक काहीतरी ठरव."

"तुम्ही चष्मे पुसा."

मधे एकदा भिंगरी आईला भेटायला घरी आली तेव्हा रायफल सोबत होती. चापाला काहीतरी अडकतंय म्हणत होती, पण बहिणीला दाखवायला तयार नव्हती. आईनंच रायफल उचलली आणि ताईपुढे ठेवली. "भांडा हवं तर, पण आधी हे बघ." ताईनं खटक्याचा भाग उघडला आणि तिच्या तोंडून "अगं बाई!" निघालं. आतून तेल गळत होतं. तेलाला धूळ चिकटून चिखल झाला होता.

"कुणी घातलं एवढं तेल? भजी तळायची होती का यात?"

"त्यांचा माणूस साफ करतो," भिंगरी खिडकीबाहेर बघत म्हणाली.

"त्यांचा माणूस." ताईनं सगळं पुसून काढलं. पार कोरडं केलं, मग बोटाच्या टोकावर येईल एवढंच तेल लावलं आणि तेही पुन्हा पुसलं. दुसऱ्या कोणाचा तरी हात या रायफलीला लागला, आणि तोही असा गबाळा, याचा तिला इतका संताप आला होता की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं रायफल परत दिली.

पुढच्या वर्षी भिंगरीची मान कायमची दुखावली. डॉक्टरांनी रायफल खाली ठेवायला सांगितली. थोडे दिवस ती घरात बसली, म्हणजे घरात फेऱ्या मारत राहिली. आणि मग एका सकाळी दुकानात येऊन उभी राहिली. "बाबांनी दुकान दोघींचं म्हणून ठेवलंय. मी आजपासून बसणार."

ताईला नाही म्हणता येईना. परवाना तिच्या नावावर असला तरी दुकान खरंच दोघींचं होतं. पण काउंटरमागची ती जागा एवढी एकच तिची होती, आणि आता तिथे दुसरी खुर्ची आली. दुकानात गर्दी व्हायला लागली. काडतूस घ्यायचं नसलेलेही येत. भिंगरीबरोबर फोटो काढत. ताईकडून वर्षानुवर्षं माल नेणारे बागवाले तिच्याकडे पाठ करून भिंगरीला विचारत, "तुम्ही सांगा, कुठली चांगली?" भिंगरी हाताला येईल ते खोकं उचलून म्हणे, "ही घ्या, मी हीच वापरायचे." आणि ते घेत! एकदा तर तिनं बंदुकीला चालणारच नाहीत अशी काडतुसं पुढे केली. ताईनं ती जवळजवळ हिसकावून घेतली, बरोबरची दिली आणि गिऱ्हाईक गेल्यावर तिचा बांध फुटला.

"तुला यातलं ओ की ठो कळत नाही! आयुष्यभर मी निवडून दिलेलं झाडत आलीस. तुझ्या जागी मला घातलं असतं ना, तर मी तुझ्या कितीतरी पुढे गेले असते!"

बोलून गेली आणि तिचा तिलाच धक्का बसला. इतक्या वर्षांची आतली गोष्ट अशी काउंटरवर येऊन पडली होती.

भिंगरी खुर्चीतून उठली. हसली नाही. "खरंच वाटतं तुला असं?"

"हो."

"मग चल."

साप्ताहिक सुट्टीचा दिवस होता तेव्हा दोघी रेंजवर गेल्या. ताईनं काडतुसं स्वतः निवडली, रायफल स्वतः तपासली. शिकंजा नव्हता. भिंगरीनं तिला झोपून नेम धरायला सांगितलं, कोपर कुठे ठेवायचं, पट्टा किती आवळायचा, गाल कुठे टेकवायचा ते दाखवलं. एक शब्द वाकडा बोलली नाही. ताईनं श्वास अर्धा सोडला. थांबली. तिला वाटलं होतं, इथे शांतता असेल. पण रायफलीच्या मागे पडल्यावर तिचं काळीज गालात धडधडायला लागलं आणि समोरचा काळा ठिपका पाण्यातल्यासारखा हलू लागला. तिनं चाप ओढला. पुन्हा ओढला. सगळी काडतुसं संपवली.

भिंगरी कागद आणायला निघाली तर ताई म्हणाली, "मी आणते."

तिनं कागद काढला आणि तिला तो वाचावाच लागला. दुसऱ्या कोणी काही गोड सांगायची सोयच नव्हती. वरखाली पसरलंय, म्हणजे श्वास धरता आला नाही. उजवीकडे ओढलंय, म्हणजे चाप हिसकला. वाईट नाही. चांगलंही नाही. असे कागद तिनं कितीतरी हौशी लोकांचे पाहिले होते आणि मनातल्या मनात त्यांना मधल्या खणात टाकलं होतं.

"पहिल्या दिवशी सगळ्यांचं असंच असतं," भिंगरी म्हणाली.

"तुझं कसं होतं?"

भिंगरी पायानं माती उकरत राहिली.

"खरं सांग."

"याच्या निम्म्यात."

ताई गाडीत बसली. घरी आली. नवऱ्यानं विचारलं, "कसं झालं?" तर म्हणाली, "रायफल उत्तम आहे." आणि आत जाऊन दार लावून घेतलं. आजवर तिच्या मत्सराला डोक्यावर छप्पर होतं, मला मिळालं नाही, नाहीतर... आता ते छप्पर उडालं होतं. भिंगरी तिच्यापेक्षा चांगली होती, अगदी पहिल्या दिवसापासून, आणि वडिलांनी काही बघून ठरवलं असो वा नसो, ठरवलं ते चुकलं नव्हतं. हे पचायला जड गेलं. ती नंतरही बरेच रविवार रेंजवर जात राहिली, हट्टानं. कागद थोडे सुधारले. मधल्या खणातून मात्र बाहेर पडले नाहीत. हळूहळू तिला तिथे जाऊन पडून राहणं आवडायला लागलं.

दुकानात भिंगरीला एका जागी बसवेना. शेवटी क्लबांच्या आणि रेंजच्या ऑर्डरी आणायचं काम तिनं आपण होऊन घेतलं आणि दिवसभर गाडी घेऊन बाहेर राहू लागली. काउंटरमागे पुन्हा ताई एकटी. तरीही क्लबाचे फोन यायचे ते "भिंगरी आहेत का?" असेच, आणि तेवढ्यानं ताईच्या कपाळाला अजून आठी पडायची. जायची सवय नव्हती ती.

मग एका सकाळी दुकान उघडून दोघी चहा घेत होत्या. भिंगरीनं पेपर उलगडला. पहिल्याच पानावर पोस्टातली. परदेशातल्या सामन्यात पहिली आली होती. भिंगरी कधी पोचली नव्हती तिथे ती पोचली होती. भिंगरीनं पूर्ण बातमी वाचली. पेपराची घडी घातली, पुन्हा उलगडला, पुन्हा घडी घातली. कप बशीत इतक्या जोरात ठेवला की चहा सांडला.

"चांगलं आहे," ती म्हणाली. "चांगली खेळते. नशीबही लागतं म्हणा. त्या दिवशी वारा नव्हता तिथे."

ताई तिच्याकडे बघत राहिली. हनुवटी थोडी पुढे आलेली, नजर काउंटरच्या काचेवर, आवाज मुद्दाम हलका केलेला. या चेहऱ्याची खडा न् खडा माहिती तिला होती. फक्त तो बाहेरून कसा दिसतो ते कधी पाहिलं नव्हतं.

"पोटात दुखतंय," ती म्हणाली.

"काही दुखत नाहीये."

"दुखतंय. इथे, बरगडीच्या खाली. गिळलं की खाली जातं आणि परत वर येतं."

भिंगरीनं वर पाहिलं. तिचे डोळे भरले होते आणि ओठ हसू की रडू करत होते. "किती दिवस राहतं गं हे?"

"माझं अजून आहे," ताई म्हणाली.

भिंगरीला हसू फुटलं. मग ताईलाही. दोघी इतक्या हसल्या की सांडलेला चहा पुसायचा राहिला आणि तो काचेवरून ओघळत काठापर्यंत आला. तेवढ्यात दार उघडून बँकेचा पहारेकरी आत आला. बिचारा दारातच थांबला, आपलं काही चुकलं की काय म्हणून त्यानं स्वतःच्या गणवेशाकडे बघून घेतलं.

"या, या," ताईनं फडकं उचललं. "काडतुसं बदलायची ना? भिंगरे, ऊठ. डावीकडची फळी, वरून दुसरं खोकं. आणि नीट बघून आण."